यंदा महालक्ष्म्या मुलींनी बसवल्या

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच, पण आमच्या परभणीकडे, नांदेड-जालन्याला आणि पुढे सगळ्या विदर्भात महालक्ष्म्याच म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी बहिणी, उभ्या, साडी नेसलेल्या, आणि त्यांच्यासमोर त्यांची दोन बाळं, एक मुलगा एक मुलगी. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात, तीन दिवसांचा खेळ, पण त्या तीन दिवसांसाठी महिनाभर घर हललेलं असतं. दिवाळी एक वेळ साधी होईल आमच्याकडे पण महालक्ष्म्यांत काही कमी पडलेलं सासूबाईंना चालत नाही.

आम्हाला दोन मुली. मोठी चौथीत आहे, धाकटी पहिलीत. धाकटी झाली तेव्हापासून घरात एक विषय अधूनमधून निघायचाच, कधी लग्नात, कधी कुणाच्या तेराव्याला, की ह्यांच्या महालक्ष्म्या पुढे कोण बसवणार? कारण रीत अशी की महालक्ष्म्या सासूकडून सुनेकडे जातात. मुलगी लग्न होऊन गेली की तिच्या सासरी असतील तर ती तिथल्या करते, नसतील तर माहेरच्या बघायला प्रसादाला येते, बस. आमच्या धाकट्या भावजींना मुलगा आहे, तर सगळ्यांनी मनात धरूनच ठेवलं होतं की आज ना उद्या महालक्ष्म्यांच्या सामानाची ट्रंक त्यांच्याकडे जाणार. कुणी वाईट मनाने बोलत नव्हतं हे पण खरं, पण मोठी आता ऐकते, तिला कळतं. एकदा ती मला रात्री झोपताना म्हणाली, आई आपल्या लक्ष्म्या काकाकडे जाणार का, आम्ही मुली आहोत म्हणून? मी तिला म्हटलं तुला बसवायच्यात का? तर म्हणाली हो, पण मला येत नाही ना. मला तेव्हाच वाटलं की हिला यायला पाहिजे, बाकी पुढचं पुढे.

सासरे गेले त्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या नाहीत, वर्ष सरेपर्यंत सण करत नाहीत आमच्यात. मग सासूबाई आमच्याकडे पिंपरीला राहायला आल्या आणि २०२५ च्या महालक्ष्म्या पुण्यात बसवायच्या असं ठरलं. परभणीच्या घरातून ट्रंक आणली, भावजी स्वतः घेऊन आले गाडीत घालून. त्यात पितळी मुखवटे, हात, बाळांची धडं, दागिन्यांचा डबा, आणि एका जुन्या धोतरात बांधलेल्या दोन नथी. लक्ष्म्यांच्या पत्र्याच्या दोन कोठ्या, म्हणजे त्यांची उभी धडं, गाडीच्या मागच्या सीटवर बेल्ट लावून आणल्या होत्या, धाकटीला ते इतकं आवडलं की ती खाली पार्किंगमधूनच ओरडत आली, लक्ष्मी बसून आल्या, लक्ष्मी बसून आल्या.

सगळं श्रावणापासूनच सुरू केलं. श्रावणातल्या शुक्रवारी मी जिवतीची पूजा करते, जिवतीचा कागद देवघराशेजारी लावायचा, आघाडा-दुर्वांची माळ, चणे-गूळ, आणि संध्याकाळी मुलांना पाटावर बसवून ओवाळायचं. माझी आई मला आणि माझ्या भावाला दोघांना ओवाळायची म्हणून मला त्यात मुलगा-मुलगी असं कधी वाटलंच नाही. तर ओवाळून झालं की सासूबाई दोघींना कहाणी सांगायच्या. महालक्ष्मीची कहाणी दोघींची लाडकी झाली. त्यात एका गरीब ब्राह्मणाची पोरं असतात, गावात सगळ्यांकडे गौरी आलेल्या बघतात आणि घरी येऊन आईला म्हणतात आपल्याकडे पण आण. आई म्हणते घरात काही नाही, बापाला सांगा. बाप काय करणार, पोरांचा हट्ट पुरवता येत नाही म्हणून जीव द्यायला तळ्यावर जातो आणि तिथे त्याला एक म्हातारी भेटते. तो तिला घरी घेऊन येतो आणि बायको बघते तर रिकामं मडकं कण्यांनी भरलेलं. मोठी एकदम म्हणाली, म्हणजे लक्ष्मी पोरांमुळेच आली ना आजी, ती मागे लागली नसती तर बाप तळ्यावर गेलाच नसता. सासूबाई दोन मिनिटं बघतच राहिल्या, म्हणाल्या इतकी वर्षं सांगायले मी, माझ्या नाही ध्यानात आलं. धाकटीचे प्रश्न वेगळे. लक्ष्मी तीन दिवसांनी जाते तर तिचं सासर कुठंय, तिथे तिला त्रास देतात का, ती रडते का जाताना. सासूबाई म्हणाल्या नाही गं माय, तिचं बरं चाललंय तिकडं. मला हे फार आवडलं, मुलींना देवीबद्दल सांगताना भीती नाही घालायची, कोप होईल, पाप लागेल असलं काही आमच्या घरात मी बोलू देत नाही.

आता एक गोष्ट जी बायका आपसात बोलतात पण लिहीत नाहीत. माझं लग्न झाल्यापासून महालक्ष्म्यांच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मी घेत आले. तारीख जवळपास असली की आठवडाभर आधीपासून सुरू करायच्या, ते झालं की बंद. आमच्याकडे जवळजवळ सगळ्याच घेतात, मेडिकलवाला पण गणपतीच्या आधी काही न विचारता देतो. मला अर्धशिशी आहे, गोळ्या घेतल्या की डोकं फुटायचं, सणाच्या दिवशी पुरण वाटताना एक डोळा मिटून उभी असायचे मी. यंदा तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं की तुमच्या ह्या त्रासात, ह्या वयात, विचारल्याशिवाय हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, रक्ताची गुठळी वगैरेचा धोका वाढू शकतो, आणि सणासाठी तर नाहीच. मोठी बरोबर होती. तिने सगळं ऐकलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, आई तू लक्ष्मीसाठी गोळ्या घेतेस? लक्ष्मीला माहिती आहे का?

त्या एका प्रश्नावर माझं ठरलं. उद्या हिची पाळी सुरू होईल, दोन-तीन वर्षांत होईलच, आणि मी आज जे करेन तेच ती तिच्यासाठी नियम म्हणून धरेल. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं की आई, मी यंदा गोळ्या घेणार नाही, तारीख नेमकी त्याच दिवसांत आहे, काय करायचं तुम्ही सांगा. त्या काहीच बोलल्या नाहीत. देवपूजा केली, जेवल्या, दुपारी पडल्या, संध्याकाळी मी भाजी निवडत होते तर येऊन शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, मी पण बसवू शकत नाही आता, तुझे सासरे गेल्यावर माझा हात चालत नाही, आणि तुझं हे. मग राहिलं कोण. मी म्हटलं नाही बसल्या तरी चालेल ह्या वर्षी पण. त्यांना ते झेपलं नाही, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. मग त्यांनीच म्हटलं, लेकरांच्या हातानं बसवू. नवरात्रात कुमारिका जेवू घालतोच ना आपण, कुमारिकेला देवी म्हणून पाय धुतो, मग देवीनं देवीला घरात आणलं तर काय बिघडायलंय.

मला स्वतःला विचाराल तर विधवा बाईचा हात चालत नाही किंवा पाळीतल्या बाईने शिवायचं नाही हे दोन्ही मला पटत नाही, आणि हे मी घरात बोलते, मुलींसमोर बोलते. पण सासूबाईंनी आयुष्यभर जे धरलं ते एका संध्याकाळी सोडा असं म्हणायचा मला हक्क वाटत नाही. त्यांनी त्यांच्याच श्रद्धेतून वाट काढली आणि ती वाट माझ्या मुलींकडे आली, ह्याच्यापेक्षा मोठं त्यांनी मला काय द्यायचं. मोठीला मी सांगितलं, आजीला असं वाटतं, आजीचा मान आपण ठेवतोय, पण तुला सणासाठी गोळी कधी घ्यायला लावणार नाही हा माझा शब्द आहे. आणि नवऱ्याने पण त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला, सोमवार मंगळवार, म्हणाला मी नुसता सामान आणणार नाही, मला पण शिकवा.

मग खरी शाळा सुरू झाली घरात. आधी मुखवटे घासले. दोन वर्षं ट्रंकेत होते, हिरवट डाग पडलेले. चिंचेचा कोळ आणि मीठ, मग पितांबरी, मग कोरड्या सुती कपड्याने पुसायचं, डोळ्यांच्या रंगाला पाणी लागू द्यायचं नाही. सासूबाई खुर्चीत बसून सांगायच्या आणि मोठी घासायची, नाकपुडीच्या बाजूला जिथे नथ अडकवायचं भोक आहे तिथे काळं साचलेलं ते तिने कापसाच्या काडीने काढलं. एक मुखवटा जरा हसरा आहे, एक गंभीर. हसरी ती कनिष्ठा, असं आमच्या घरात मानतात. धाकटीने लगेच जाहीर केलं की ती माझी.

साडीची प्रॅक्टिस तर दर रविवारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कोठी म्हणजे पत्र्याचा उभा डबा, वर गळ्यापाशी निमुळता, आतून पोकळ. आधी त्यात धान्य भरायचं, आमच्यात एकीत गहू एकीत तांदूळ, नाहीतर साडीच्या वजनाने कोठी तोंडावर येते. मग कमरेच्या जागी सुतळी घट्ट बांधायची आणि निऱ्या त्या सुतळीत खोचायच्या. माणसाला नेसवताना पोट आत घेता येतं, कोठीला येत नाही, त्यामुळे निऱ्या आधी जमिनीवर पसरून करायच्या, वरून खालून सारख्या करायच्या, कपड्यांचे चिमटे लावायचे, आणि मग सगळा गठ्ठा उचलून खोचायचा. पदर मागून डाव्या खांद्यावर आणून मानेपाशी पिन. सहावारी काठापदराची असेल तर काठ नेमका पावलाच्या रेघेवर यायला हवा, वर उचलला गेला की पत्रा दिसतो. मोठीच्या हातात निऱ्या मावायच्या नाहीत, तिने स्वतःच युक्ती काढली, शाळेच्या पट्टीवर गुंडाळून निऱ्या घातल्या, सगळ्या एका मापाच्या. सासूबाईंनी त्या निऱ्यांवरून हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, मला लग्नानंतर तीन वर्षं नव्हतं जमलं असं. चुकलं की त्या ओरडायच्या पण, मागून घोळ दिसायलाय गं, काढ सगळं, आणि पोरगी मुकाट्याने काढायची, मी सांगितलं असतं तर तिने पाय आपटले असते.

आवाहनाच्या आदल्या दिवशी शनिवारी मेट्रोने मंडईत गेलो आम्ही तिघी, पिंपरीहून थेट मंडई स्टेशनपर्यंत जाता येतं आता, पण गणपतीची गर्दी म्हणजे विचारू नका, धाकटीला मी पूर्ण वेळ कडेवर घेतली होती. सोळा भाज्यांची यादी मोठीने वहीत लिहिली होती आणि एकेक घेतली की टिक करायची. भेंडी, गवार, दोडका, घोसाळं, पडवळ, कारलं, दुधी, लाल भोपळा, काकडी, वांगं, चवळीच्या शेंगा, घेवडा, सुरण, अळू, चुका. अंबाडी मिळेना. पुण्यात अंबाडी मागितली की भाजीवाले वेगळंच बघतात, आमच्याकडे रोज दारावर येते. शेवटी एका कोपऱ्यात सोलापूरकडच्या एका मावशींकडे मिळाली, आणि त्यांनी मोठीच्या हातातली यादी बघून एक जुडी जास्त टाकली, लक्ष्मीची भाजी हाय म्हणाल्या. तिथून तुळशीबागेत जाऊन बाळांसाठी छोटे बाजूबंद घेतले. धाकटीचा आग्रह होता की मुलीच्या बाळाला पण मुलाइतकेच दागिने पाहिजेत, मोजून घेतले तिने.

रविवारी ३१ ऑगस्टला आवाहन होतं. माझी पाळी शनिवारी रात्री आलीच. सकाळी मी सासूबाईंना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि मोठीला हाक मारली, चल बाई, न्हाऊन घे. दोघींना परकर-पोलकं घातलं. फ्लॅटमध्ये तुळशीवृंदावन कुठलं, बाल्कनीतली तुळशीची कुंडी उचलून मुख्य दाराबाहेर आणून ठेवली, तिच्यापुढे सुपात तांदूळ, तांदळावर मुखवटे, वरून खण. दारापासून देवापर्यंत पावलं काढायची होती. ती धाकटीचं काम. कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून फरशीवर कडेने टेकवायची, मग बोटाच्या टोकाने पाच ठिपके, झालं पाऊल. उजवी मूठ, डावी मूठ. एक पाऊल सहा बोटांचं झालं, तिने पुसायला घेतलं तर सासूबाई म्हणाल्या राहू दे, त्या पायानं पण येईल.

मोठीने ज्येष्ठाचं सूप घेतलं, धाकटीने कनिष्ठाचं, खालून तिच्या बाबाने हात धरला होता कारण पितळ जड असतं. नवरा दुसऱ्या हाताने ताट वाजवायला बघत होता, शेवटी ते काम मी केलं, दारात उभं राहून ताट वाजवायला मला कुणी अडवलं नव्हतं, आणि मी इतकं जोरात वाजवलं की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. सासूबाई आतून विचारायच्या, लक्ष्मी आली का? पोरी म्हणायच्या, आली आली. कशाच्या पावलानं आली? सोन्यामोत्याच्या पावलानं आली. मग स्वयंपाकघर दाखवलं, धान्याचे डबे दाखवले, कपाट दाखवलं, मुलींनी आपलं अभ्यासाचं टेबल पण दाखवलं जे आमच्यात आधी कुणी दाखवलं नव्हतं. धाकटीने बाथरूमही दाखवायला नेलं असतं, बाबाने वळवलं.

साडी नेसवायला तास-दीड तास लागला. मी हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, सासूबाई आत पाटावर, हात मांडीवर घट्ट धरून. त्यांना किती वेळा वाटलं असेल उठून पदर सारखा करावा. एकदा कनिष्ठाचा मुखवटा गळ्यावर नीट बसेना, सारखा डावीकडे कलायचा, मोठीचा ओठ थरथरायला लागला, आणि सासूबाई उठल्या. पुढे गेल्या, हात उचलला, आणि मुखवट्याला न लावता मोठीच्या हातावर ठेवला, आणि तिच्याच हाताने तो मुखवटा फिरवला, खाली दाबला, बसला. मग तो हात त्यांनी लगेच काढला नाही. मी हे बघत होते आणि मला रडू आवरलं नाही.

त्या दिवशी नैवेद्याला मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी, साधंच असतं पहिल्या दिवशी, प्रवास करून आलेल्या माहेरवाशिणीला जे पटकन वाढता येईल ते.

दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक सासूबाई, जाऊबाई आणि नवऱ्याने मिळून केला. भावजी, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा पहाटेच पोचले होते. सव्वा किलो डाळीचं पुरण, कटाची आमटी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, कढी, भजी, अळूवडी, पंचामृत. वर फुलोरा टांगतात आमच्याकडे, लक्ष्म्यांच्या डोक्यावर लाकडी चौकटीला दोऱ्याने करंज्या, साटोऱ्या, पापड्या आणि कणकेची तळलेली वेणी-फणी. वेणी तिन्ही पोरांनी वळली, पुतण्याची सगळ्यात चांगली झाली, पेडाची वेणी घालता यायची नाही म्हणून मोठीने त्याला आपल्या केसांवर शिकवलं. पुरणाचे सोळा दिवे केले, तुपात भिजवलेल्या फुलवाती घातल्या आणि आरती झाली. आरतीच्या वेळी सासूबाईंनी मागे वळून मला शोधलं आणि म्हणाल्या, तिथं काय उभी राहिलीस, आत ये, लांबून दिसत नाही. मी आत जाऊन पोरींच्या मागे उभी राहिले. त्या त्याच्यावर नंतर काही बोलल्या नाहीत आणि मी पण विचारलं नाही.

मग ताट वाढून पडदा लावतात. लक्ष्म्या जेवतात तोवर कुणी आत जायचं नाही, बोलायचं नाही. पडद्याबाहेर तिन्ही पोरं मांडी घालून बसली. धाकटीने माझ्या कानात विचारलं, आई खरंच जेवतात का? तिला काय सांगायचं हे मी आधीपासून ठरवून ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, पुरणपोळी तेवढीच राहते, मी मागच्या वेळी बघितली होती. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, पण आजी कुणाला वाढते तेव्हा ते जेवतातच, आजी उठूच देत नाही. माझ्या मते तिचं उत्तर तिला मिळालं होतं. मला मुलींना देव आहे की नाही हे पटवून द्यायचं नाहीये, मला त्यांना ताट वाढून थांबायला शिकवायचंय. मी स्वतः देव मानते, रोज सकाळी दोन मिनिटं हात जोडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, पण तो विश्वास माझ्यात कुणी सांगून आला नाही, आईला दिवा लावताना रोज बघून आला.

प्रसादाला सवाष्णी बोलावतात, त्या बोलावल्या. त्याबरोबर आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, ज्यांचे मालक कोरोनात गेले, त्यांनाही पहिल्या पंगतीला बसवलं आणि त्यांच्या शेजारचं पान सासूबाईंचं मांडलं. हळदीकुंकवाची कोयरी मोठीच्या हातात होती. तिने ओळीने सगळ्यांना लावलं, मावशींना लावलं, आजीला लावलं. सासूबाईंनी कपाळ मागे घेतलं नाही. जेवताना परभणीहून चुलत सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, सगळं बघून म्हणाल्या पोरींच्या हातून बसवल्या म्हणे, अगं त्या परक्या घरी जाणार, मग? सासूबाई म्हणाल्या, मी बावीस वर्षांची आले तुमच्या घरात, मला काय येत होतं, शिकवलं तुम्ही मला. ह्यांना मी शिकवायले. जिथं जातील तिथं करतील. आणि पोळी वाढ गं तिला, असं म्हणून फोन जाऊबाईंकडे दिला.

तिसऱ्या दिवशी सोळा पदरी सुताच्या दोऱ्यांना हळद लावून गाठी मारल्या. दहीभाताचा आणि मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य, अक्षता टाकून मुखवटे जरा हलवले आणि निरोप. धाकटी कनिष्ठाच्या कोठीला मिठी मारून बसली, सोडेना, साडी चुरगळली सगळी. नवऱ्याने मग गहू मापट्याने बाहेर काढायचं काम तिला दिलं आणि ती त्यात रमली. त्याच गव्हाची पुढे आठ दिवस पोळी खाल्ली आम्ही.

ट्रंक भरायच्या आधी मोठीने सगळ्याचे फोटो काढून एक वही केली आहे. कुठल्या मुखवट्याची कुठली नथ (ज्येष्ठाची मोठ्या मोत्याची, तिचं भोक मोठं आहे), सुतळी किती लांब लागते, पुरणाला गूळ किती, फुलोऱ्यात काय काय, अंबाडी कुठे मिळते. सासूबाई सांगत होत्या आणि ती लिहीत होती, आणि त्यांना दोन-तीन गोष्टी आठवेनात तेव्हा तिने पान मोकळं सोडलं. तुम्ही घरी हे सुरू करणार असाल तर ही वही आधी करा असं मी नक्की सांगेन, आजी आहे तोवर करा, आणि मुलांना नुसतं बघायला बसवू नका, त्यांच्या हातात खरी साडी आणि खरा मुखवटा द्या. घाई करू नका, श्रावणापासून सुरुवात केली तरच निऱ्या बसतात.

२०२६ ला अधिक महिना आहे, त्यामुळे महालक्ष्म्या पार सप्टेंबरच्या मध्यावर जातील. भावजींशी बोलणं झालंय, एक वर्ष त्यांच्याकडे आणि एक वर्ष आमच्याकडे असं करायचं, ट्रंक फिरती. पण त्यांच्याकडे बसल्या तरी साडी मोठी नेसवणार हे तिने काकाला आधीच सांगून टाकलंय, आणि पुतण्या म्हणतोय की एका लक्ष्मीच्या निऱ्या मी घालणार. पट्टी त्याला ती देईल म्हणाली.